जुना फिल्म कॅमेरा अडला तर : जोर नको, क्रम पाहा

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांतून आणि पेट्यांतून १२० च्या रोलचे कॅमेरे पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. काही घरांत ते वडिलांचा वारसा म्हणून मुलांच्या हाती येतात, तर काही ठिकाणी भंगाराच्या भावाने घेतले जातात. फिल्मवर फोटो काढण्याची आवड तरुणांमध्ये पुन्हा दिसत असल्याने अशा कॅमेऱ्याला गिऱ्हाईकही आहे. म्हणजे येथे एक छोटा पण इज्जतीचा धंदा उभा राहू शकतो. कोणी फोटो काढून देईल, कोणी कॅमेरे दुरुस्त करील, कोणी जुन्या मालाची खरेदी-विक्री करील. परंतु आम्ही पाहतो की, यांतील कित्येक कॅमेरे जुनेपणामुळे नव्हे, तर हाती घेणाऱ्याच्या घाईमुळे निकामी होतात. हँडल अडले की माणूस जोर लावतो, आतल्या चाकाचा दाता तुटतो आणि त्या चाकाचा सुटा भाग बाजारात सहजासहजी मिळत नाही.

आमच्या वाचकांत विणकर आणि कारखानदार बंधू बरेच आहेत. त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. अनुभवी विणकर तेव्हा माग ढकलत नाही, तो तुटलेला धागा शोधतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. तो अडतो तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. आपण एखादी पायरी गाळली आहे किंवा उलटी केली आहे, एवढेच तो सांगत असतो. म्हणून या लेखाचा सारा सबक एका वाक्यात आहे : जोर लावू नका, क्रम तपासा.

सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो मसला येथे आमचा विषय नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमाला विचारावे. कापडाचे नमुने, दागिने, इमारती, जुनी कागदपत्रे यांच्या फोटोंचे कामही काही कमी नाही. यंत्र नीट चालवण्याचे हुन्नर मात्र सर्वांसाठी एकच आहे.

हा कॅमेरा म्हणजे काय

अंधाऱ्या खोलीच्या लहान छिद्रातून उजेड आत आला की समोरच्या वस्तूची प्रतिमा उलटी पडते. या तत्त्वाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत इब्न अल-हैसम यांचे नाव पहिल्या रांगेत आहे. त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला आणि प्रकाशावरील त्यांचा 'किताबुल मनाजिर' हा ग्रंथ पुढे युरोपातही अभ्यासला गेला. कॅमेरा म्हणजे तीच अंधारी खोली, फक्त लहान केलेली. या खोलीत उजेड किती आणि किती वेळ येऊ द्यायचा, एवढाच सारा हिशेब आहे.

१२० चा रोल कोडॅक कंपनीने १९०१ साली बाजारात आणला आणि तो आजही तयार होतो. यात फिल्मच्या पाठीला पूर्ण लांबीचा कागद असतो आणि हा कागदच फिल्मला उजेडापासून वाचवतो. चौकोनी, म्हणजे ६ बाय ६ च्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो येतात. प्रत्यक्ष चौकोन सुमारे ५६ मिलिमीटरचा असतो. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मचा फोटो २४ बाय ३६ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मोठ्या फिल्मला साडेतीन पटीहून अधिक जागा मिळते. कापडाची वीण किंवा जरीचे काम तिच्यावर इतके स्पष्ट का उतरते, ते यावरून कळेल.

आपल्याकडच्या स्टुडिओंत याशिकाचे दोन लेन्सचे कॅमेरे फार वापरले गेले. वरची लेन्स पाहण्यासाठी, खालची फोटोसाठी. म्हणून येथे आम्ही याशिका-मॅट १२४-जी हाच नमुना धरला आहे. हा १९७० साली आला आणि १९८६ पर्यंत बनत राहिला. याची लेन्स ८० मिलिमीटरची, शटर १ सेकंदापासून १/५०० सेकंदापर्यंत. एका मॉडेलचा क्रम समजला की इतरांचा समजणे सोपे जाते.

रोल भरण्याचा क्रम

निम्मे दोष रोल भरतानाच जन्म घेतात. म्हणून हे काम सावलीत, बसून आणि घाई न करता करावे.

१) पाठ उघडून आत पाहा. आतील प्रेशर प्लेट १२० वर आहे की २२० वर, हे तपासा. २२० चा रोल दुप्पट लांबीचा असे आणि त्याच्या फिल्ममागे कागद नसे. तो आता क्वचितच मिळतो. तेव्हा प्लेट १२० च्या, म्हणजे १२ फोटोंच्या खुणेवरच हवी. ती २४ वर राहिली तर कागदासह जाडी वाढलेल्या फिल्मवर दाब जास्त पडतो आणि मोजणीही चुकते.

२) रिकामे रीळ वरच्या जागेत आणि भरलेला रोल खालच्या जागेत बसवा. बाजूच्या खुंट्या पूर्ण आत गेल्या आहेत ना, ते बोटाने चाचपून पाहा.

३) कागदाचे टोक वरच्या रिळाच्या खाचेत सरळ घाला. तिरका गेलेला कागद पुढे कडेला घासतो, गुंडाळा सैल होतो आणि उजेड शिरतो. ठाण गुंडाळताना पहिला वेढा तिरका गेला की शेवटपर्यंत तिरकाच जातो, तसेच हे आहे.

४) हँडल हळू फिरवा. कागदावरील बाण कॅमेऱ्यातल्या खुणेसमोर आला की थांबा. पाठ बंद करून कुलूप लावा आणि हँडल आपोआप थांबेपर्यंत फिरवा. मोजणीच्या खिडकीत १ दिसला पाहिजे.

५) भरलेल्या फिल्मचे नाव, वेग आणि तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. आत फिल्म आहे हे विसरून पाठ उघडली जाणे, हा स्टुडिओंतला नेहमीचा अपघात आहे.

फोटो काढण्याचा क्रम

आधी वेग आणि ॲपर्चर ठरवा, मग हँडल फिरवा, मग फोकस करा, मग बटण दाबा. काही जुन्या लीफ शटरमध्ये सर्वांत जलद वेगासाठी वेगळी स्प्रिंग असते. शटर चढवल्यावर त्या वेगावर जाणे किंवा त्यावरून परत येणे तिला झेपत नाही. आपल्या कॅमेऱ्यात ती आहे की नाही, याची खात्री नसेल तर वेग आधीच ठरवण्याची सवय ठेवावी. या सवयीचा तोटा कधीच होत नाही.

हँडल पुढे थांबेपर्यंत न्यायचे आणि मग उलट फिरवून मूळ जागी आणायचे. या दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय बटण सुटत नाही. 'कॅमेरा बंद आहे' अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने अनेकदा परतीची अर्धी फेरीच केलेली नसते.

दुधी काचेवर चित्र डावे-उजवे उलटे दिसते. त्याची सवय होईपर्यंत काही दिवस रिकाम्या कॅमेऱ्यावर हात बसवावा. आणखी एक ध्यानात ठेवा. आपण वरच्या लेन्समधून पाहतो, म्हणून खालच्या लेन्सवर बोट किंवा पट्टा आला तरी आपल्याला दिसत नाही. फोटोत मात्र तो येतो. जवळून फोटो घेताना दोन लेन्समधील अंतरामुळे चौकट थोडी सरकते, म्हणून वरच्या बाजूला जागा राखावी.

अडचण, कारण, उपाय

आता मुख्य भागाकडे येऊ. येथे नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशाचा होता, ते कधीच कळत नाही.

बटण दाबले जात नाही. आधी बटणाभोवतीचे कुलूप पाहा. मग हँडलच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या का ते पाहा. मग मोजणी पहिल्या फोटोपर्यंत आली आहे का ते पाहा. या तीन गोष्टींनंतरच दुसऱ्या कारणाचा विचार करावा.

हँडल फिरत नाही. मागचा फोटो घेतलाच नसेल तर ते फिरणार नाही. लेन्सवर झाकण लावून बटण दाबा आणि पुन्हा पाहा. तरीही अडले तर कागद तिरका गेला असेल किंवा रीळ खुंटीवर नीट बसले नसेल. अशा वेळी पाठ उजेडात उघडू नका. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, दाराच्या फटी बंद करून, हाताने चाचपत रोल काढा, घट्ट गुंडाळा आणि काळ्या कागदात बांधा. काढलेले फोटो वाचतात आणि कॅमेराही वाचतो.

हँडल फिरतच राहते. बारा फोटो झाले असतील तर हे बरोबरच आहे, कागद संपेपर्यंत फिरवा. रोल नवा असेल तर कागदाचे टोक खाचेतून सुटले असावे. प्लेट २४ वर असेल तर बारानंतरही मोजणी थांबत नाही.

शटरचा आवाज येतो, पण फोटो कोरा. फिल्म नसताना पाठ उघडा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि वेग एक सेकंदावर ठेवून आतून पाहा. पाती उघडताना डोळ्यांना दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर पाती चिकटली आहेत. दिसली तर दोष कॅमेऱ्याबाहेर शोधा.

दोष कॅमेऱ्याचा की फिल्म धुणाऱ्याचा. या प्रश्नावरून दुकानांत भांडणे होतात, म्हणून नीट समजून घ्या. कृष्णधवल किंवा रंगीत निगेटिव्हच्या कडेला कंपनीचे नाव आणि आकडे छापलेले असतात. ते धुलाईतच उमटतात. कडेचे आकडे स्पष्ट आहेत आणि चौकोन कोरे आहेत, तर फिल्मवर उजेड पडलाच नाही. दोष कॅमेऱ्याचा किंवा चालवणाऱ्याचा. आकडेही नाहीत आणि सारी फिल्म काचेसारखी स्वच्छ आहे, तर धुलाईत चूक झाली. सारी फिल्म काळी असेल तर तिला कोठेतरी उघडा उजेड लागला. कडेचे आकडे पाहिल्याशिवाय कोणावरही इल्जाम ठेवू नये.

सर्व फोटो कमी-जास्त उजेडाचे. १२४-जी चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवला होता. त्या सेलचे उत्पादन आता बंद झाले आहे. त्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल टाकला की मीटरला उजेड खऱ्यापेक्षा जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ येते. झिंक-एअरचा सेल वापरावा किंवा वेगळा लाइटमीटर घ्यावा. मीटर अजिबात चालत नसला तरी काम अडत नाही. स्वच्छ उन्हात एफ-१६ ठेवावे आणि वेग फिल्मच्या आकड्याइतका, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. हा जुना कायदा आजही खरा उतरतो. उलट, निगेटिव्ह फक्त सावकाश वेगांवरच दाट येत असेल तर शटर सुस्त झाले आहे.

फोटोवर पांढुरके पट्टे. पट्टा दरवेळी एकाच जागी येत असेल तर पाठीच्या कडेचा फोम गळून गेला आहे. जुना फोम डांबरासारखा चिकट होतो. तो काढून नवा बसवणे हे कोणत्याही काळजीवान कारागिराला जमण्यासारखे काम आहे. पट्टे कधी येथे, कधी तेथे, फिल्मच्या कडेला येत असतील तर रोल सैल गुंडाळला गेला किंवा उन्हात भरला गेला.

फोटो अस्पष्ट. भिंगातून निगेटिव्ह पाहा. ज्यावर फोकस केला ते धूसर आणि त्याच्या पुढचे किंवा मागचे स्पष्ट असेल, तर वरच्या आणि खालच्या लेन्सचा मेळ बिघडला आहे. हे काम उस्तादाचे. काहीच स्पष्ट नसेल तर हात हलला असण्याचा संभव अधिक. १/६० पेक्षा सावकाश वेगाला तिकाटणे वापरा. चित्र धुक्यासारखे असेल तर लेन्समध्ये बुरशी किंवा वाफ बसली आहे.

फ्लॅश चमकतो, पण फोटो काळा. लेन्सजवळची कळ एम वर आहे. एम ही खूण जुन्या, एकदाच जळणाऱ्या बल्बसाठी होती. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तिच्यावर लावला तर शटर उघडण्यापूर्वीच चमकून जातो. कळ एक्स वर करा.

बारा फोटोंची परीक्षा

नवा घेतलेला कोणताही जुना कॅमेरा पैशाच्या कामाला लावण्यापूर्वी एक रोल परीक्षेसाठी खर्च करावा. रोलचा खर्च वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाच्या कामावर परीक्षा घेणे योग्य नाही.

पहिले पाच फोटो एकाच भिंतीचे, एकाच उजेडात घ्या : १/५०० ला एफ-५.६, १/२५० ला एफ-८, १/१२५ ला एफ-११, १/६० ला एफ-१६ आणि १/३० ला एफ-२२. हिशेबाने पाचही वेळा सारखाच उजेड आत जातो, म्हणून पाचही निगेटिव्ह सारख्या दाट दिसल्या पाहिजेत. ज्या वेगावर फरक दिसला तो वेग आजारी.

पुढचे दोन फोटो दूरच्या इमारतीचे. त्यापुढचे दोन ॲपर्चर पूर्ण उघडून, जवळून. यासाठी छापील किंवा चौकड्यांचे कापड पाटावर ताणून तिरके ठेवा आणि मधल्या एका चौकडीवर फोकस करा. निगेटिव्हवर तीच चौकडी सर्वांत स्पष्ट आली पाहिजे. दहावा फोटो घेण्यापूर्वी लेन्सवर झाकण लावून कॅमेरा पाच मिनिटे सर्व बाजूंनी उन्हात फिरवा आणि झाकण न काढताच बटण दाबा. हा चौकोन पूर्ण कोरा आला पाहिजे. अकरावा फ्लॅशचा. बारावा आपल्या मर्जीचा.

जे कधीही करू नये

शटरमध्ये तेल घालू नये. आपल्या कारागीर बंधूंच्या घरी शिवणयंत्राचे तेल हमखास असते आणि सुस्त शटर पाहून हात तिकडेच जातो. यंत्राला तेल लागते हे खरे, पण शटरची पाती कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असतात. तेलाचा एक थेंब पसरला की पातळ पाती एकमेकांना चिकटतात. सुस्तीचे कारण बहुधा जुने, घट्ट झालेले वंगणच असते. नवे टाकून ते जात नाही, लेन्स खोलून धुवावे लागते. त्यासाठी उस्ताद जे पेट्रोलजन्य द्रावण वापरतात ते फार लवकर पेट घेते. ते बंद खोलीत, विडी-सिगारेट किंवा स्टोव्हजवळ वापरू नये.

दुधी काचेखालचा आरसा पुसू नये. घरच्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो, या आरशाचा थर पुढेच असतो. मऊ मलमलही त्यावर ओरखडे पाडते. धूळ दिसली तर रबरी फुग्याने हवा मारा आणि सोडून द्या.

सेल्फ-टायमरची कळ जुन्या कॅमेऱ्यात हलवू नये. तिची चाके वर्षानुवर्षे न फिरल्याने मध्येच अडकतात आणि सारे शटर बंद पडते. त्याऐवजी केबल वापरावी.

फ्लॅशगन उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. हा धक्का जिवावर बेतू शकतो.

कॅमेरा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. उष्णतेने वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते.

ज्यांच्याकडे हॅसलब्लाड किंवा मामिया आहे

हे कॅमेरे एका लेन्सचे, आत आरसा असलेले आणि सुटे भाग जोडून बनणारे आहेत. म्हणून त्यांत क्रमाचे महत्त्व आणखी मोठे. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी बरेच नुकसान टळेल.

पहिली : हॅसलब्लाड ५००-सी/एम मध्ये फोटो काढल्यावर समोर काळोख होतो आणि पुन्हा चावी देईपर्यंत तसाच राहतो. हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. मामिया आरबी-६७ मध्येही आरसा कळ ओढल्यावरच खाली येतो.

दुसरी : फिल्मच्या डब्यात डार्क स्लाइड म्हणजे पत्र्याची झडप आत असेल तर हॅसलब्लाडचे बटण दबत नाही. ही फिल्म वाचवण्याची सोय आहे. झडप काढा, बटण चालेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : हॅसलब्लाडची लेन्स काढताना आणि बसवताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही चावी दिलेले असले पाहिजेत. एकाला चावी आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत लेन्स अडकून बसते. तेव्हा लेन्स पिळून काढू पाहणारा माणूस एका लहान कामाचे मोठे नुकसान करून घेतो. जाणकार मागच्या बाजूने आत पोचून लेन्सला चावी देतो आणि लेन्स अलगद सुटते.

पावसाळा आणि प्रवास

कोकणात आणि मुंबईच्या हवेत लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. ती काचेवरील थर खाते आणि वेळीच काढली नाही तर काचेवरही कायमची खूण ठेवते. चामड्याचा जुना डबा दमट हवा धरून ठेवतो. कॅमेरा त्यातून काढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि पुड्या महिन्याला तापवून कोरड्या कराव्यात. दर पंधरवड्याला कॅमेरा बाहेर काढून रिकामा चालवावा. पडून राहण्याने जितके शटर बिघडतात तितके चालण्याने बिघडत नाहीत. ठेवताना शटर चढवलेले ठेवू नये. फक्त हॅसलब्लाडला हा नियम लागू नाही, तो चावी दिलेल्या स्थितीतच ठेवतात. कापडाच्या गोदामात कसरीसाठी जी औषधे आपण ठेवतो, त्यांच्याजवळ फिल्म ठेवू नये. कीटकनाशकांच्या वाफेने फिल्म खराब होऊ शकते.

हज, उमरा किंवा आखाती देशांच्या प्रवासात फिल्म कधीही मोठ्या सामानात टाकू नये. तेथील एक्स-रे जोरदार असतात आणि फिल्म काळवंडते. हातातील सामान तपासणारी नवी सीटी यंत्रेही फिल्मला घातक आहेत. रोल पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासण्याची नम्रपणे विनंती करावी.

अमानत आणि ऐब

शेवटी व्यापाराची बाजू. निकाहचा फोटो दुसऱ्यांदा काढता येत नाही. ज्याने आपल्याला काम दिले, त्याचा तो दिवस आपल्या हातात अमानत आहे. म्हणून असे काम घेताना कॅमेरा परीक्षा झालेला असावा, दुसरा कॅमेरा सोबत असावा, रोलवर लगेच क्रमांक घालावेत आणि सर्व रोल एकाच वेळी धुलाईला देऊ नयेत. फिल्मच्या कामात काय जोखीम आहे, तेही पैसे ठरवतानाच सांगावे.

जुन्या कॅमेऱ्याच्या विक्रीत तर दयानतदारीची कसोटी लागते. 'चालू स्थितीत' हे दोन शब्द लिहून सुटका होत नाही. हदीस शरीफमधील धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारातील ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले आणि फसवणुकीविरुद्ध कडक इशारा दिला. कॅमेऱ्याची बुरशी, सुस्त शटर, बंद मीटर हे सारे ढिगाखालचे ओले धान्यच आहे. माल घेतल्यावर लपवलेला ऐब आढळला तर तो परत करण्याचा हक्क फिक्हने खरीदाराला दिला आहे. त्याला खियारुल ऐब म्हणतात. पण गिऱ्हाइकाला तो हक्क वापरण्याची पाळीच का यावी?

म्हणून पावतीवर पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : शटरचे कोणते वेग बरोबर आहेत, लेन्समध्ये बुरशी किंवा ओरखडा आहे काय, मीटर चालतो काय, फोम बदलला आहे काय आणि परीक्षेचा रोल कधी काढला. त्या रोलची निगेटिव्हही गिऱ्हाइकाला दाखवावी. लेन्स तपासण्याची रीत त्याला स्वतः करून दाखवा : वेगाची कळ बी वर ठेवून शटर दाबून धरा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. उजेडात ठाण उलगडून दाखवणारा दुकानदार एखादे गिऱ्हाईक गमावतो, पण आपले नाव गमावत नाही.

आणि ज्या तरुणांच्या हातात घरचा जुना कॅमेरा आला आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. शहरात अजून जे थोडे जुने उस्ताद उरले आहेत, त्यांच्याकडे जा, त्यांच्याजवळ बसा, त्यांचा हात पाहा. सुटे भाग संपत चालले आहेत आणि ते जाणणारी माणसेही. हे कसब एका शागीर्दाच्या हाती गेले तरी ते जिवंत राहील आणि त्याच्या घरात हलालची रोजी येईल, इन्शाअल्लाह.